कंदील जळत होता

वैशाखातलं ऊन असं, की विहिरीच्या काठाला हात लावायची सोय नव्हती. पाणी पार तळाला गेलेलं. म्हणून रूपरावांनी डिझेलचं इंजिन आत सोडून विहिरीतल्याच कपारीवर बसवलं होतं. सकाळपासून ते धडधडत होतं आणि ऐन ओलिताच्या मध्यात एकदम गप्प झालं.

"आता हे काऊन रुसलं?" रूपरावांचा धाकटा भाऊ तानबा धोतर खोचत उठला. "कोकिळे, कंदील आण. विहिरीले इचारून घेऊ, येऊ का मनून."

उतरण्याआधी पेटता कंदील सुतळीनं खाली सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. रूपरावांच्या लेकीनं, कोकिळेनं, हे काम यंदा हट्टानं आपल्याकडे घेतलं होतं. देवळीच्या शाळेत सायकलवर एकटी जाते म्हटल्यावर कंदील काय चीज! तिनं तो झोकात खाली सोडला. ज्योत जरासुद्धा हलली नाही.

"पास!" ती ओरडली.

"पाहा बरं, मास्तरीणबाईनं पास केलं मले," काका हसला आणि दोर धरून सरसर उतरला.

खाली पोचल्यावर तो इंजिनाजवळ बसला. नुसताच बसला. मग त्याचं डोकं हळूच भिंतीला टेकलं.

"तानबा! अरे तानबा!" रूपरावांचीच हाक विहिरीतून परत आली.

"उन्हानं चक्कर आली त्याले," ते वहाणा काढत म्हणाले. "कंदील तं जळून राह्यला. मंग हवा हाये खाली."

कोकिळा त्यांच्या आडवी झाली. "बाबा, कालही कंदील जळतच होता! तरी काका वर येऊन ओकला, डोकं धरून बसला. त्या इंजिनाच्या धुराचंच काही तरी हाये. नोका उतरू!"

"मांगं हो. भाऊ हाये थो माहा."

"बाजूच्या डोमाजींले बलावते. कमरेले दोर बांधून उतरतीन ते..."

"तवरोक हा मरंन, पोरी!"

तेही खरंच होतं. रूपराव खाली वाकून धोतर खोचत होते. दोराचं दुसरं टोक कडुनिंबाला बांधलेलं होतं. कोकिळेनं गाठ ओढली आणि सगळा दोर विहिरीत लोटून दिला. खाली पाण्यात धप्पकन आवाज झाला.

"काय केलं व तू हे?" रूपरावांनी हात उगारला, पण तो तसाच वर राहिला. दुसरा दोर शेतात नव्हता, विहिरीला पायऱ्या नव्हत्या.

ती धावत सुटली. शेजारच्या शेतातून डोमाजी दोन माणसं आणि दोर घेऊन आले. हवा खेळावी म्हणून त्यांनी कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून आत वरखाली केल्या, वरून पाणी ओतलं आणि मग डोमाजी कमरेला दोर बांधून उतरले. सगळ्यांनी मिळून आधी काकाला वर ओढलं. त्याचा श्वास थांबलेला होता.

मागून डोमाजी वर आले. त्यांनी तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. ते घटाघटा पीत असताना कोकिळा त्यांच्याकडे बघत राहिली. ते झोकांड्या खात नव्हते की डोकं धरत नव्हते. एकदा तरी ओका हो, असं तिला मनापासून वाटत होतं.

बांधावरून तानबाची बायको, जयवंताकाकू, पळत आली. ती भासऱ्यासमोर, म्हणजे रूपरावांसमोर, पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची, आजवर त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. आज पदर खांद्यावर पडला होता. तिनं नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मान वर केली.

"तुमी इथंच होते ना? मंग काऊन नाई उतरले?"

रूपराव जमिनीकडे बघत म्हणाले, "दोर... दोर निसटला."

कोकिळेला गप्प बसता आलं असतं. बाबांनी तेवढी जागा करून दिली होती.

"निसटला नाई, काकू," ती म्हणाली. "म्या फेकला. बाबा गेले असते तं तेही..."

काकू रडली नाही. तिनं हातात लोटा घेऊन उभ्या असलेल्या डोमाजींकडे पाहिलं. मग कोकिळेकडे.

"हे उतरले ना? आले ना वर?"

फांद्या, पाणी, मधे गेलेला वेळ, सगळं कोकिळेच्या ओठांवर आलं. पण ह्यातल्या कशानं डोमाजी वाचले, आणि ज्यातून वाचावं असं खाली मुळात काही होतं का, हे तिलाही कुठं ठाऊक होतं?

"बोल ना व," काकू म्हणाली आणि एक पाऊल पुढं आली.