फाटकाजवळच्या दगडावरचं साल

आर्लिसचं नाक कापायचं हे मी एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्चच्या तळघरात, हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं असताना ठरवलं.

त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, टाम्स घराण्याच्या शेताला शंभर वर्षं होत होती. आमच्या आयोवात एखादं शेत शंभर वर्षं एकाच घराण्याकडे राहिलं की त्याचं फार कौतुक. आर्लिस माझी आतेबहीण. तिने शेताच्या फाटकाजवळ ग्रॅनाइटचा दगड बसवायचा घाट घातला होता. वर हिनरिक आजोबांचं नाव, खाली त्यांच्या मुलांची. मी तिला आपलं सहज विचारलं, "बाबांचं नाव घातलंस ना?"

"कोणाचं, आंकरचं?" बाबा तिचे सावत्र का होईना, मामा. पण तिच्या तोंडून मामा कधी निघालं नाही. "डॅग्नी, मनाला लावून घेऊ नकोस हं. दगडावर घरचीच नावं येणार. आंकर मोलकरणीचा. आजोबांनी दया केली म्हणून आडनाव तरी मिळालं त्याला."

शेजारच्या बायका एकदम कॉफीच्या कपात बघायला लागल्या. मी भांडं टेबलावर ठेवलं, कोट घातला आणि घरी आले. सॅलड त्यांनीच खाल्लं.

हिनरिक आजोबा श्लेस्विगकडचे जर्मन. मारेन आजी डॅनिश, जटलंडहून एकटी आलेली, आणि त्यांच्या शेतावर कामाला लागलेली. पुढे दोघांनी लग्न केलं, असं आमच्या घरी सांगायचे. एकोणीसशे पाच साली दुसऱ्या बाळंतपणात मूल दगावलं आणि तिचं डोकं फिरलं. आजोबांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. वर्षभराने ते एकदा जाऊन आले आणि म्हणाले, ती गेली, तिथेच पुरली. मग वीबके आली, चांगली जर्मन घरातली. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. त्यांना एका म्हाताऱ्या डॅनिश जोडप्याकडे धाडून दिलं. आजोबा अडतीस साली वारले तेव्हा वीबकेच्या मुलांनी बाबांकडे आईबापाच्या लग्नाचा कागद मागितला. कागद नव्हता. शेत त्यांचं झालं, आणि बाबा मोलकरणीचे झाले.

बाबा कधी भांडले नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा जुना राग. डॅनिश शेतकऱ्यांच्या सहकारी डेअरीचा ट्रक त्यांनी चाळीस वर्षं चालवला, तीन जिल्ह्यांत लोणी पोचवलं, आणि कोणी टाम्स म्हणून टोमणा मारला तरी हसले. आता ते पंचाऐंशीचे, वृद्धाश्रमात. दगडाची बातमी तिथेही पोचली होती. मी गेले की विचारायचे, "मला घेतलंय का गं त्यात?" शाळेच्या नाटकात घेतलंय का, असं पोरं विचारतात, तसं. त्यांना त्या दगडावर नाव हवं होतं, बाकी काही नको. मला मात्र बाकीही हवं होतं.

मे महिन्यात मी किर्स्टिनेबाईंकडे गेले. या आमच्या डॅनिश चर्चच्या जुन्या पाद्र्यांच्या विधवा. वय एक्याण्णव, आणि चर्चची सगळी दप्तरं त्यांच्या ताब्यात. मी घराण्याच्या वंशावळीचा कागद त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी वीबकेच्या नावाखाली बोट ठेवलं.

"हिची थोरली लेक कोण?"

"मारेन आत्या. आर्लिसची आई."

"मारेन?" बाई हसायलाच लागल्या. "अगं, इतकी वर्षं काय करत होतीस? नवऱ्याच्या मोलकरणीचं नाव कोणी आपल्या पहिल्या लेकीला ठेवेल का?"

"मला वाटायचं, आमचं सगळं लुबाडलं तसं आजीचं नावही लुबाडलं."

"लुबाडलं कसलं! रीत आहे ती आपली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिली मुलगी झाली की तिला मेलेल्या सवतीचं नाव द्यायचं. सवतीचं हं, मोलकरणीचं नाही. श्लेस्विगचे जर्मनसुद्धा पाळायचे. वीबके काही वेडी नव्हती. लग्न झालेलं होतं म्हणून नाव दिलं तिने. आता कुठे झालं ते शोध."

मी शोधलं. घोडागाडीने दोन दिवसांत जाता येईल तिथल्या झाडून सगळ्या डॅनिश चर्चना पत्रं टाकली. जूनमध्ये उत्तर आलं मिझुरी नदीपलीकडून, नेब्रास्कातून. एकोणीसशे एक, ऑक्टोबर, हिनरिक टाम्स आणि मारेन येन्सडॅटर, दोन साक्षीदारांसह. तो कागद मी बाबांना दाखवला. ते रडले. मग म्हणाले, "बघ, आई लग्नाचीच होती." मीही रडले, पण माझं पोट भरलं नव्हतं.

वंशावळीत आता एकच जागा रिकामी होती, आजीच्या मृत्यूची तारीख. ती मी सरकारी दप्तरातून मागवली. पाच किंवा सहा साल येणार हे ठाऊकच होतं. जुलैत पत्र आलं. मारेन टाम्स, न्यूमोनिया, चौदा फेब्रुवारी एकोणीसशे एकतीस.

पत्र मी तीनदा वाचलं. मग हसले, देवाशप्पथ हसले. आजोबांनी सातमध्ये वीबकेशी लग्न केलं तेव्हा पहिली बायको जिवंत होती, आणि पुढे चोवीस वर्षं जिवंत राहिली. वीबकेला सात मुलं झाली. आता औरस कोण आणि अनौरस कोण, ते आर्लिसने सांगावं! मी ते पत्र पर्समध्ये ठेवलं आणि कोणाला दाखवलं नाही. राखून ठेवलं ते आर्लिससाठी.

ऑगस्टमध्ये शेतावरच्या मोठ्या शेडमध्ये सगळं घराणं जमलं. सॉसेज, लाल कोबी, गोल गरम एब्लेस्किव्हर, सगळं होतं. डॅनिश माणसं नकोत, त्यांचे गोड पदार्थ मात्र चालतात. टेबलाच्या टोकाशी मारेन आत्या बसली होती, एकोणऐंशी वर्षांची, केस छान सेट केलेले. मी लग्नाचा कागद आर्लिसच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे कुठून उकरून काढलंस?"

"तुझ्या आईच्या नावातून," मी म्हटलं. "आत्या, सांग ना हिला. तुझं नाव मारेन कसं पडलं?"

आत्याने काटा खाली ठेवला. "आई म्हणायची, मेलेल्या बाईचं नाव आहे तुला, जपून वापर."

"म्हणजे तुला माहीत होतं. अडतीस साली कागद मागितला तेव्हाही माहीत होतं."

"भावांपुढे बोलायची माझी काय टाप होती, डॅग्नी?"

"आणि नंतरची पन्नास वर्षं? तेव्हा काय मूग गिळले होतेस?"

"पुरे गं!" आर्लिस कुजबुजली. सगळं शेड आमच्याकडे बघत होतं. "ठीक आहे. घालते आंकरमामाचं नाव. झालं समाधान?"

मामा म्हणाली. बासष्ट वर्षं मी जगले, पहिल्यांदा ऐकलं. इथे मी थांबू शकले असते. ज्यासाठी आले ते मिळालं होतं. पण मला सॅलडचं भांडं आठवलं, आणि तळघरातल्या त्या बायका आठवल्या.

"मारेन आजीचंही नाव घाल," मी म्हटलं. "जन्ममृत्यूच्या सालासकट. आणि वीबकेच्या नावापुढे लग्नाचं साल."

"घालू. त्यात काय मोठं?"

"मग लिहून घे. विसरशील."

तिने पेन्सिल काढली. वीबके, लग्न एकोणीसशे सात. मारेन, जन्म अठराशे एक्याऐंशी. "आणि मृत्यू?"

"एकोणीसशे एकतीस."

तिने लिहिलं, आणि मग पेन्सिल थांबली. तिने वरचा आकडा पाहिला, खालचा पाहिला. "चुकतेयस तू. सहा साल असणार."

मी पर्स उघडली आणि पत्र तिच्यापुढे सरकवलं. मोहोर होती त्यावर. तिच्या मानेवर लाल डाग उठले. मी डोळे भरून बघून घेतलं.

आत्याने पत्र ओढून घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची, तिला पेन्सिल लागली नाही. "म्हणजे माझ्या बारशाला ती जिवंत होती?"

"होती. तुझ्या कपाळावर पाणी घालून आजोबांनी तिला जिवंतपणीच पुरलं."

"आईला हे माहीत नव्हतं," आत्या म्हणाली. "ती माझ्याकडून रोज रात्री त्या बाईसाठी प्रार्थना म्हणवून घ्यायची."

आर्लिस उठली. "हे असलं दगडावर येणार नाही."

"मग पत्र चर्चच्या फळ्यावर लावते. सगळ्यांना वाचता येईल."

"घाल, आर्लिस," आत्या म्हणाली. "जे आहे ते घाल."

दगड सप्टेंबरच्या शेवटी बसला. आर्लिस तिकडे फिरकली नाही. मी बाबांना वृद्धाश्रमातून आणलं, खुर्ची ढकलत फाटकापर्यंत नेलं. दोन्ही बाजूंना मका उभा होता. बाबांनी टोपी काढली आणि पुढे वाकून आपल्या नावावरून बोट फिरवलं. आंकर, पहिला मुलगा. "खोल कोरलंय," ते म्हणाले. मी शेजारी छाती काढून उभी होते. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आता ती सालं वाचेल, वजाबाकी करेल, हाच विचार माझ्या डोक्यात.

बाबांचं बोट वर सरकलं. "आईचं साल चुकलंय, डॅग्नी. एकतीस लिहिलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जुलैपासून ते पत्र माझ्याजवळ होतं, आणि आर्लिसच्या नादात मी ते ज्याच्या आईचं होतं त्यालाच दाखवलं नव्हतं.

"चुकलं नाही, बाबा," मी म्हटलं. "आजोबा खोटं बोलले. ती एकतीसपर्यंत होती."

"कुठे?"

"इस्पितळातच. टेकडीवरचं, लाल विटांचं."

ते दगडाकडेच बघत राहिले. "त्याचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं," ते म्हणाले. "चोवीस सालापासून दर गुरुवारी तिथे लोणी टाकायचो मी. तिथे ठेवलेल्या बायकाच यायच्या पेट्या उतरवून घ्यायला. चाळिशी-पन्नाशीच्याही असायच्या."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"सात वर्षं, डॅग्नी. एकीलाही कधी नाव विचारलं नाही."