तीन आटे

माझे दाजी भलतेच रुबाबदार. रोज ऑफिसला जायच्या गाडीची चाकं त्यांना आत दबल्यासारखी वाटायची, म्हणून त्यांनी चारही चाकांमागे स्पेसर नावाच्या धातूच्या चकत्या बसवून घेतल्या. चाकं अर्धं बोट बाहेर आली आणि दाजींची छाती वीतभर.

आठवड्यात स्टिअरिंग थरथरायला लागलं, तेव्हा त्यांना मेकॅनिक मेहुणा आठवला. ताईला घेऊन ते गॅरेजवर हजर झाले.

"दाजी, वेढे मोजा," म्हणत मी पान्हा लावला. "एरवी नट निघायला आठ लागतात."

तिसऱ्या वेढ्याला नट माझ्या तळहातावर होता.

"म्हणजे काम लवकर उरकतं," दाजी म्हणाले.

बहिणीचा नवरा, म्हणून मी पान्हा खाली ठेवला. "हो ना. चाकालाही लवकर निघता येतं. बोल्ट होता तेवढाच आहे, त्यातले पाच आटे स्पेसरने खाल्ले. चाक उरलेल्या तीन आट्यांवर आहे."

"बसवणारा जाणकार आहे. स्वतःच्या गाडीलाही लावले असतील त्याने." दाजींनी लगेच त्याला स्पीकरवर फोन लावून विचारलं.

"छे हो," पलीकडून उत्तर आलं, "माझी गाडी रोजच्या वापरातली आहे. बायको-पोरं बसतात तिच्यात."

दाजींनी फोन खिशात टाकला. ताईने गाडीतून आपली पर्स आणि डबा काढून घेतला.

"राहू दे रे ते स्पेसर," ती मला म्हणाली. "यांच्या रुबाबाला धक्का नको. मी बसने जाईन."