दादाने पास केलेली गाडी

माझ्या थोरल्या भावाला ऐकू येत नाही, हे मला कळून दोन वर्षं झाली होती. ती दोन्ही वर्षं मी मूग गिळून गप्प बसलो. का, ते आडवळण न घेता सांगतो. दादा चारचौघांत तोंडघशी पडलेला मला बघायचा होता, आणि ते आपोआप होणार असताना मी मधे कशाला पडू?

गॅरेज आम्हा दोघांचं, पण पाटीवर नाव त्याचं. गिऱ्हाइकं त्याला दादा म्हणतात आणि मला पकड. ‘पकड दे’ असं तो तीस वर्षं माझ्यावर ओरडत आला, त्यामुळे लोकांना ते माझंच नाव वाटायला लागलं. हल्ली कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मीच मागे वळून बघतो, कोणाला बोलावतायत म्हणून.

दादाचा सगळा दबदबा जुन्या गाड्यांवर उभा. कुणाला वापरलेली गाडी घ्यायची असली की तो आधी दादाला घेऊन जायचा. मग आमचा ठरलेला खेळ. बॉनेट उघडायचं, इंजिन चालू करायचं, मी एका बाजूला उभा राहून अॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढायची आणि सोडायची. दादा समोरच्या बाजूने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या ब्लॉकवर टेकवणार आणि मूठ कानामागच्या हाडाला लावणार. दोन मिनिटं कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. मग दादा ‘घ्या’ म्हणणार, नाहीतर ‘नका’. तिसरा शब्द नाही. लोक तो निकाल कोर्टाचा असल्यासारखा घरी घेऊन जायचे. ऑइलचं प्रेशर मोजायचं मीटर आणू या, असं मी एकदा म्हटलं तर ते काय कानाला लावू का, म्हणून त्याने मला उडवून लावलं.

दोन वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याच्या गाडीत घरघर येत होती. दादा म्हणाला, अल्टरनेटर. मला स्पष्ट कळत होतं, आवाज पाण्याच्या पंपाचा आहे. मी तसं बोललो. दादाने माझ्या तोंडाकडे नुसतं बघितलं.

“पकड कधीपासून बोलायला लागली?”

टॅक्सीवाला पोट धरून हसला. शेजारचा पंक्चरवाला हसला. अल्टरनेटर बदलला, घरघर तशीच. मग दादाने गुपचूप पंप बदलला आणि दोन्ही गेले होते असं टॅक्सीवाल्याला सांगून टाकलं. इतका मोठा, इतका उघडा आवाज त्याला कळला नव्हता. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. मागून हॉर्न वाजला तर तो हलेना. फोन वाजत राही. माणूस पाठमोरा बोलला की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. मी कुणाला काही सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. गंमत म्हणजे त्यानंतर दादाचा एकही निकाल चुकला नाही. हाताला कंप कळत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि वाट बघत राहिलो.

मग माझ्या पुतणीला गाडी हवी झाली.

ती नर्स. एका मोठ्या हॉस्पिटलात चार वर्षं रात्रपाळ्या करून तिची हाडं दिसायला लागली होती. आता तिला घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांचं बघायचं काम मिळालं होतं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. दिवसाचं काम, पगार बरा, पण अट एकच. स्वतःची गाडी पाहिजे, आणि पहिले तीन महिने एकही फेरी चुकता कामा नये. चार वर्षांत साठवलेलं सगळं त्या गाडीत जाणार होतं. दुसरी गाडी घ्यायला मागे काही उरणार नव्हतं, हे ती स्वतःच आम्हा दोघांना सांगून बसली. “बाबा बघणार आहेत, मग मला कसली काळजी,” असंही म्हणाली.

ही पोर माझ्या खांद्यावर बसून मोठी झाली. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. ती मधे आली, एवढंच.

गाडी एका निवृत्त कारकुनाची होती. छोटी, पेट्रोलवरची, रंग जागच्या जागी, सीटवर स्वच्छ टॉवेल. कारकूनही तसाच, इस्त्रीतला. तो तोंडभर बोलत होता तेवढ्यात मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. सकाळचे नऊ वाजलेले आणि इंजिन तापलेलं. मी विचारलं तर म्हणाला, दूध आणायला गेलो होतो. थंड इंजिन चालू होताना पहिल्या पाच सेकंदांत पोटातलं सगळं ओकून टाकतं, म्हणून विकणारे ते आधीच तापवून ठेवतात. ऑइलची पट्टी काढली. ऑइल नवंकोरं, मधासारखं, आणि बोटांत चोळलं तर या इंजिनाला लागतं त्यापेक्षा कितीतरी घट्ट. संधिवाताच्या माणसाला गोळ्या घालून लग्नात उभा करावा, तसा तो प्रकार. पट्टी मी पुसली आणि परत जागेवर घातली.

दादाने स्क्रूड्रायव्हर टेकवला. पुतणी हात जोडल्यासारखे गळ्याशी धरून उभी. मी केबल ओढली. इंजिन चढलं, छान चढलं. सोडली. आणि उतरताना खालून आवाज आला, टक, टक, टक. कुणी तळघरातून दार ठोठावावं तसा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं होतं. हे इंजिन आज ना उद्या, चढावर किंवा वेगात, स्वतःचं पोट फाडून घेणार होतं. मी परत ओढली, परत सोडली. टक, टक, टक. शिकाऊ पोरालाही कळलं असतं. कारकुनाने नजर दुसरीकडे वळवली, म्हणजे त्यालाही माहीत होतं.

दादाचा चेहरा दगडासारखा. त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, हाच तो दिवस. स्वतःच्या पोरीची गाडी. आता ‘घे’ म्हणाला, तर जन्मभर वर बघायला तोंड राहणार नाही. या विचाराने मला इतकं बरं वाटलं की हसू आवरेना. मी हसलो. समोर माझा भाऊ उभा आणि मी मनापासून हसलो.

दादाने स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

“घे,” तो पोरीला म्हणाला. “डोळे मिटून घे.”

तिने तिथेच सगळा व्यवहार उरकला. परत येताना गाडी तीच चालवत होती, दादा पुढे, मी मागे. माझ्या हातात वीस मिनिटं होती. इंजिन नीट तापलं तसं ते घट्ट ऑइल पातळ झालं आणि आवाज पायाखाली यायला लागला. तिने रेडिओ लावला होता, त्यामुळे तिला कळला नाही.

“काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. कशी वाटते?”

तेव्हाही सांगता आलं असतं. गाडी परत नेऊन कारकुनाच्या दारात लावली असती, मी त्याची गचांडी धरली असती. दादाचं नाक कापलं गेलं असतं ते वेगळंच. पण मला ते अर्धवट नको होतं. मला ते गॅरेजमध्ये, गिऱ्हाइकांसमोर, इंजिन खोलून हवं होतं.

“बाबा बोललेत ना,” मी म्हणालो. “मग मी कोण सांगणारा?”

ती हसली आणि रेडिओचा आवाज वाढवला.

बाराव्या दिवशी चढावर गाडी गेली. रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. ऑइल रस्ताभर. पोर दोन तास रस्त्याच्या कडेला उभी होती. तिची एक पेशंट, पायाला मोठी जखम असलेली म्हातारी, ड्रेसिंगसाठी संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली आणि तिच्या मुलाने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी गाडी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी तिला कामावरून काढलं. ती कारकुनाकडे गेली तर त्याने दाराची कडीसुद्धा काढली नाही. तुमच्या वडिलांनीच पास केली होती, असं त्याने आतूनच सांगितलं.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. मला हवं होतं अगदी तसंच सगळं जमून आलं. टॅक्सीवाला आला होता, पंक्चरवाला दारात उभा. मी खाली शिरून ऑइलचं भांडं उतरवलं. तळाशी चकाकता चुरा आणि बेअरिंगच्या पत्र्या, झिजून कागदासारख्या झालेल्या. मी त्या हातावर घेऊन सगळ्यांसमोर धरल्या. हे पंधरवड्यातलं काम नाही, असं मीच मोठ्याने म्हणालो. कुणी हसलं नाही. टॅक्सीवाल्याने घड्याळ बघितलं आणि निघून गेला. पंक्चरवालाही गेला.

दादा पोरीसमोर उभा राहिला.

“चूक माझी आहे. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

तीस वर्षांत त्याच्या तोंडून ‘चूक’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ज्याची एवढी वाट बघितली ते समोर घडत होतं आणि मला ते नीट बघताही आलं नाही. कारण पोर त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“काका, तुम्हाला तर ऐकू येतं ना?”

मी पत्र्या तशाच हातात धरून उभा. हो म्हणावं तर मेलो, नाही म्हणावं तर आताच सगळ्यांसमोर शहाणपणा पाजळला होता.

“त्यालाही नसेल आलं,” दादा म्हणाला. “रस्त्यावर ट्रक चालले होते. त्याला नको बोलूस.”

कारकुनाच्या गल्लीत ट्रक शिरतच नाही. पोरीला ते माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. तिने गाडीतली आपली औषधांची पेटी काढून घेतली आणि बसस्टॉपकडे चालत गेली. हॉस्पिटलवाले रात्रपाळीवर परत घेतात का, ते विचारायला जाणार होती.

ती वळणापलीकडे जाईपर्यंत दादा बघत राहिला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला, त्याला माझे ओठ दिसतील असा.

“तू ऐकलं होतंस,” तो म्हणाला.

मी मान डोलावली.

“तुला वाटलं, मी आवाजावरून सांगतो? अरे, त्या पंपानंतर मी एकही इंजिन ऐकलेलं नाही. तुझं तोंड बघत होतो. आवाज खराब असला की तुझी भुवई चढते, लहानपणापासून. भुवई चढली की मी ‘नका’ म्हणायचो. लोक मला हात जोडायचे, आणि सगळे निकाल तुझे होते. तुला सांगायची मला लाज वाटली, ते माझं चुकलं. त्या दिवशी तू हसलास. मी म्हटलं, पोरीचं नशीब चांगलं, इतकं चांगलं इंजिन की पकड हसतोय.”

मी पत्र्या ऑइलच्या भांड्यात परत टाकल्या.

दादाने हात फडक्याला पुसले. आवाज चढवला नाही.

“उद्यापासून जुन्या गाड्या बघायला तू जात जा. कान तुझे चांगले आहेत. मला बरोबर नेऊ नकोस. तुझ्या तोंडाकडे बघून मला आता काही कळणार नाही.”