फिडलचा ससा

ओनीटानं बीन्सच्या वाटीत मक्याचा पाव कुस्करला आणि दोन्ही जावयांकडे बघत निकाल देऊन टाकला.

"पिल्लू आधी वर्लनकडे. शिकारीचा मोसम उघडायच्या आत सशाच्या मागावर तिचा गळा मी माझ्या कानांनी ऐकला, तर ती त्याची. नाहीतर डॉइलची. आता कुणीतरी ते लोणी इकडे सरकवा."

पिल्लू म्हणजे फिडल. ओनीटाचा नवरा हॉबर्ट गेल्या हिवाळ्यात गेला, आणि त्याच्या बीगल कुत्र्यांच्या वंशातलं हे एवढंच उरलं. हॉबर्टची कुत्री गळा काढत सशामागे लागली की खोऱ्यातली माणसं हातातलं काम ठेवून ऐकत बसायची. वर्लनला फिडल हवी होती, जीव टाकून हवी होती. सासऱ्यानं त्याला जन्मभर गाढव म्हटलं होतं, पण शिकारीला जाताना हाक मात्र दरवेळी त्यालाच मारली होती.

वर्लन शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायचा. साडूच्या पिकअपच्या ब्रेकला त्यानं एकदा हॉर्नची तार जोडून दिली होती; डॉइल चर्चच्या आवारात शिरला तो बोंबलतच. तेव्हापासून डॉइलला पिल्लू हवं होतं, की ते वर्लनला मिळू नये एवढंच हवं होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली की वर्लन असा गायब व्हायचा की त्याची बायको वॉनेल हाका मारून दमायची आणि एकटीच जायची. लपण्यात त्याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता.

तर त्यानं सशांचं कुंपण घालायचं ठरवलं. मोकळ्या रानात पिल्लाला ससा भेटेपर्यंत हरीण भेटतं, त्याच्यामागे धावायची चटक लागते आणि पिल्लू बिघडतं. कुंपणात कसं, ससा पळून पळून जाणार कुठं? घरामागच्या उतारावर त्यानं खांब ठोकले, जाळी ताणली, खालची कड आत वळवून मातीत पुरली. बाहेरून विजेची तार फिरवली, रानमांजरांसाठी. पहिला झटका त्याला स्वतःलाच बसला. आत ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं तशीच ठेवली, मधून वाटा कापल्या, काटक्यांचे ढीग रचले, माल ठेवायची जुनी लाकडी पॅलेट उपडी घातली. पिल्लू फार अंगावर आलं तर सशाला शिरायला जागा नको? मग लाकडी पेट्यांचे सापळे लावून, आत सफरचंदाच्या फोडी ठेवून, रानातले ससे धरून आणले.

इथवर सगळं पुस्तकासारखं. चूक झाली ती मायेपोटी.

ससे नव्या जागी बुजतात, खात नाहीत, मरतात, असं त्यानं ऐकलं होतं. म्हणून रोज बसच्या फेरीवरून आला की तो कॉफीच्या डब्यात दाणे घ्यायचा, डबा खडखड वाजवायचा आणि "या गं बायांनो, या" म्हणत कुंपणात शिरायचा. आधी कुणी येईना. मग एक आला. मग सगळे यायला लागले. उन्हाळा संपेस्तोवर ससे असे गुटगुटीत झाले की एक जण तर त्याच्या बुटावर बसून खायचा. वर्लनला वाटायचं, काय झकास जमलंय.

मग त्यानं फिडलला आत सोडलं. फिडल सशाजवळ गेली. ससा तिच्याकडे बघत राहिला. फिडलनं त्याला हुंगलं. ससा थोडा सरकला, तिला दाण्यांपाशी जागा करून दिली, आणि दोघं मिळून जेवली.

डॉइल फाटकाला टेकून उभा होता.

"वर्लन, यांना रुमाल-बिमाल देतोस का रे मांडीवर?"

"ओळख होतेय त्यांची."

"होऊ दे, होऊ दे. लग्नाला बोलाव."

वर्लननं डबा बंद केला. आरडाओरडा करून बघितला. शेवटी चार पायांवर होऊन, भुंकत, स्वतः सशांच्या मागे लागला. सशांना वाटलं डबा विसरला असेल. ते त्याच्या मागेमागे फिरायला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वॉनेल म्हणाली, "मी काही विचारत नाही. शेजारी विचारतायत."

मोसम तोंडावर आला तेव्हा वर्लनच्या हाती उरलं ते त्याचं खरं हत्यार, म्हणजे लबाडी. फ्रीजरमध्ये गेल्या वर्षीचं सशाचं कातडं होतं. ते त्यानं दोरीनं टाचेला बांधलं, कुंपणभर वळणं घेत फिरला, आणि फिडलला त्या मागावर लावलं. माग संपला की खिशातून बोलोन्या सॉसेजचा तुकडा. फिडल हुशार होती. पहिल्या तुकड्याला तिला समजलं, दुसऱ्याला आवडलं, आणि आठवड्याभरात तिनं गळा उघडला. तो आवाज ऐकून वर्लन पॅलेटवर बसून राहिला. अगदी हॉबर्टच्या कुत्र्यांचा आवाज. क्षणभर तर आता मागून कुणीतरी "ऊठ गाढवा" म्हणेल असं त्याला वाटलं.

परीक्षेच्या शनिवारी त्यानं सकाळीच माग काढून ठेवला, कातडं सोडून खिशात कोंबलं, आणि साळसूद चेहऱ्यानं ओनीटाची घडीची खुर्ची फाटकाबाहेर मांडली.

"बसा, मामॉ." नातवंडं आजीला मामॉ म्हणायची, त्यांचं बघून अख्खं खोरं तिला मामॉच म्हणायचं.

फिडलला सोडलं. तिनं नाक टेकवलं, शेपूट फिरली, आणि असा गळा काढला की ओनीटाचा हात गळ्याशी गेला. डॉइलचा चेहरा उतरला. फिडल झुडपांमधून, ढिगांना वळसा घालून, गात गात निघाली. वाटेत तीन ससे बसले होते. त्यातल्या एकाला तिनं अंगानं ढकलून बाजूला केलं आणि तशीच पुढे गेली.

"मामॉ," डॉइल हळूच म्हणाला, "ससा मागे राहिला."

फिडल फाटकाखालून बाहेर आली, खुर्चीला वळसा घातला, वर्लनच्या बुटांपुढे बसली आणि त्याच्या खिशाकडे तोंड करून भुंकायला लागली. ओनीटानं खिशात हात घातला. आधी कातडं निघालं, मग बोलोन्या.

"हे काय?"

"ससा," वर्लन म्हणाला. "बराचसा."

"याला ससा म्हणतात होय?" डॉइल म्हणाला. "मामॉ, पिल्लू माझं."

"तुझंच," ओनीटा म्हणाली. "घेऊन जा."

वर्लननं फिडलच्या कानामागं एकदा खाजवलं आणि दोरी डॉइलच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही थाप सुचली नव्हती.

डॉइल पिकअपपर्यंत पोचला. फिडलनं मान मागे खेचली, पट्ट्यातून सुटली, तडक कुंपणात गेली, माग सुरुवातीपासून पुन्हा धरला, आणि खोरं दणाणून टाकत अख्खी फेरी पुरी करून वर्लनच्या बुटांपुढे येऊन बसली. डॉइलनं पुन्हा नेली. ती पुन्हा आली, या वेळी कुंपणाच्या भानगडीत न पडता. डॉइल रिकामा पट्टा हातात घेऊन उभा राहिला.

"ही माझ्या काय कामाची? मी रानात बंदूक घेऊन उभा, आणि ही तुझ्या दारात बोंबलत."

"म्हणजे नको तुला?" ओनीटानं विचारलं.

"मला ससा मारणारं कुत्रं हवं. या गड्याचा माग काढणारं नको."

"ऐकलंस, वर्लन? यानं सोडली." ओनीटानं खुर्ची मिटली. "नाक हॉबर्टच्या घरचंच आहे. फक्त जनावर भलतंच निवडलंय. आणि त्या सशांना कुणी हात लावायचा नाही, ते आता पाहुणे आहेत."

वर्लन पिल्लाला कवटाळून घरात गेला. इतका खूश की वार कुठला हेही त्याला आठवलं नाही.

बुधवारी आठवलं. संध्याकाळ होताच तो नेहमीसारखा सटकला, ओढा पाण्यातून चालत ओलांडला, तंबाखूच्या जुन्या कोठीत शिरला, शिडी चढून माळ्यावर पेंढ्यात आडवा झाला. घरी वॉनेलनं एकही हाक मारली नाही. तिनं फक्त मागचं दार उघडून फिडलला सोडलं.

ओढ्यापलीकडून फिडलचा गळा आला, लांब, गोड, अगदी मापात. अख्खं खोरं हातातलं काम ठेवून ऐकू लागलं. पाठोपाठ पिकअपचं दार वाजलं, आणि डॉइल कोठीखाली येऊन म्हणाला, "उतर रे सशा. चर्च भरलंय."