बिनआवाजाची बारी

"कोण ओरडलं?" पांढऱ्या टोपीतल्या पंचांनी विचारलं.

दोरीला टेकून उभी असलेली माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. कोणी घसा साफ केला, कोणी मोबाइलमध्ये डोकं घातलं. गोजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन पावलं पुढं टाकली.

"मी वरडले. का?"

"आजी, घोडा मैदानात असताना बाहेरून मदत करायची नसते."

"मदत कुटं केली? मी हितंच हुबी हाय की. निस्ता आवाज दिला."

"तोच द्यायचा नसतो. तुमची पहिलीच स्पर्धा दिसते, म्हणून या खेपेला सोडतो. पुढच्या फेरीत तुमचा आवाज आला, तर घोडी बाद."

"ऱ्हाऊंद्या की," गोजाबाई त्यांच्या पाठीला म्हणाल्या. पण तो 'बाद' शब्द मागं उभ्या असलेल्या अर्जुनरावानंही ऐकला होता.

अर्जुनराव त्यांचा मुलगा. निघोज्यातल्या घराला लागून असलेला तबेला पाडायचा आणि तिथं पत्र्याचं गोडाऊन उभं करायचं, हे त्याच्या डोक्यात केव्हापासून घोळत होतं. पण घोडी आईच्या जिवाची, आणि त्याची मुलगी प्राजक्ता निगडीच्या कॉलेजातून आली की पुस्तकं फेकून घोडीवर. रोजची धुसफूस. शेवटी गोजाबाईंनीच तोड काढली. पाच वर्षांची ही घोडी, वावटळ, आज घोडेस्वारीच्या स्पर्धेतल्या तिन्ही परीक्षांतून पार पडली, तर तबेला राहील. मध्येच बाद झाली, तर रहाटणीचा सयाजी तिला वरातीत नाचवायला घेऊन जाईल. शब्द गोजाबाईंचा होता, आणि त्यांनी शब्द फिरवलेला गावानं कधी पाहिला नव्हता. सयाजीचा टेम्पो सकाळपासून फाटकाबाहेर उभा होता.

"मावशी, घोडी लई गुणाची," सयाजी सकाळीच येऊन म्हणाला होता. "ढोलावर अशी नाचंल की नवरदेवाकडं कोनी बघनार न्हाई."

"नाचंल तुजी सासू," गोजाबाई म्हणाल्या होत्या. "तिकडं जाऊन बस."

भामा नदीच्या अंगाला, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं हे मैदान होतं. पहिली परीक्षा सकाळीच उरकली. आखलेल्या चौकटीत स्वाराच्या इशाऱ्यासरशी चालायचं, वळायचं, थांबायचं. वावटळ थांबायच्या जागी जरा चुळबुळली, एवढंच. दुसरी परीक्षा माळावरची. ओंडके, चर, बांध, आणि त्यापुढं पाण्यानं भरलेला खळगा. वावटळीनं ओंडके सशासारखे ओलांडले. पाण्यापाशी मात्र तिनं चारी पाय रोवले. तळ दिसेना. मान खाली घालून ती फुरफुरली, एक पाऊल मागं सरकली. प्राजक्ता वर बसून तिच्या मानेवर हात फिरवत होती. आणि तेवढ्यात गोजाबाईंच्या गळ्यातून सुटलं, "भिर्रर्रर्र!"

तो आवाज घाटातला, बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवरचा. खेड-मावळात यात्रेला बैलगाडे सुटतात तेव्हा बैलांच्या पुढं घोडी पळवायची चाल आहे. घोडी पुढं, बैल तिच्या मागं, आणि घाटावरची सगळी तोंडं एकदम 'भिर्रर्र' करतात. त्या एका धावेला बारी म्हणतात. बारीत घोडीनं मागं बघायचं नाही, दम घ्यायचा नाही, बैल अंगावर येऊ द्यायचे नाहीत. गोजाबाईंचे सासरे मारुतराव घाटातले नावाजलेले. पण त्यांच्या घोड्या शिकवल्या गोजाबाईंनी. नवी नवरी असल्यापासून, पहाटे दव असलेल्या वावरात, लांब दोरीवर धरून. यात्रेच्या दिवशी घोडीवर पुरुष बसत आणि बायका लांब बाभळीखाली. फेटे उडत, गुलाल उडे, मारुतरावांना खांद्यावर घेत. बाभळीखाली गोजाबाई काही बोलत नसत. घोडी कुणाच्या आवाजाची आहे हे घोडीला ठाऊक होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

पुढं शर्यतींवर बंदी आली. ती उठेपर्यंत घरचे बैल गेले, मारुतरावही गेले. उरली काशी नावाची म्हातारी घोडी. शेजारच्या रानात घोडेस्वारीचा क्लब निघाला, तिथं रेसमधून निवृत्त झालेला एक उंच घोडा आला, आणि काशीला शेवटचं शिंगरू झालं, घोडीच. तीच ही वावटळ. उडी मारायला तिला क्लबच्या भीमराज दफेदारांनी शिकवलं. पळायला गोजाबाईंनी. जसं आधीच्या सगळ्यांना शिकवलं होतं तसंच.

म्हणून आज तो आवाज कानावर पडताच वावटळ पाण्यात झेपावली, पलीकडं निघाली आणि मग वाऱ्याला लागली. प्राजक्ता लगाम ओढत मागं रेलली होती, पण घोडी कुठली ऐकते! ती शेवटच्या रेषेवर आली ती ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. गोजाबाईंनी टाळ्या पिटल्या होत्या.

आता भीमराज दफेदार लांब ढांगा टाकत त्यांच्याकडे आले. मूळचे बीडकडचे, फौजेत घोड्यांबरोबर हाडं झिजवलेला माणूस.

"मावशी, काय केलंत हो हे! घोडी लई पळायली म्हणून गुण कापलेत."

"पळाली म्हनून? उशीर झाला तर कापत्यात. लवकर आली म्हनून कोन कापतं?"

"कोवळं घोडं आहे. हाडं अजून भरायलीत. फार आधी आणलं तर स्वाराला आवरलं नाही, असं धरतात. इथं पळणं बघत नाहीत, मावशी. ऐकणं बघतात."

"घाटात असं असतं तर एकबी गाडा सुटला नसता," गोजाबाई फणकारल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

प्राजक्ता वावटळीच्या पायांवर पाणी मारत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आजी, ती उतरणार होती पाण्यात."

"उतरनार व्हती? म्हागं सरकत व्हती ती."

"बघत होती. तिला बघू द्यायचं होतं मला." प्राजक्तानं बादली खाली ठेवली. "आता काहीही होऊ दे, तू तोंड उघडायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

एकोणीस वर्षांची पोर, पण जबडा असा आवळलेला की गोजाबाईंना आरशात पाहिल्यासारखं झालं.

अर्जुनराव पुढं आला. "आये, घोडी पेटलीय आता. दांड्या उधळून लावंल, पोरगी पडंल. नाव काढून घेऊ. सयाजीभाऊबी ताटकळलाय."

"ताटकळू दे. सतरंजी टाकून दे त्याला."

"तीनदा अडली की बाद म्हनत्यात."

"मंग तीनदा अडू दे. आदीच काय बाजार मांडतो? पोरगी बसलीय न्हवं वर? ती उतरते म्हनली का? न्हाई ना? मंग तू कोन उतरवनारा?"

तिसरी परीक्षा रंगीत दांड्यांवरून उड्या मारायची. वावटळ मैदानात आली ती तिरपी, शेपूट उचलून, तोंडाला फेस. पहिल्या दोन दांड्या तिनं हवेतून पार केल्या. तिसऱ्या, निळ्या फळीपाशी ती करकचून थांबली. प्राजक्ता तिच्या मानेवर आली, सावरली, गोल फिरवून तिनं पुन्हा आणली. गेली. पुढं दोन गेल्या. वळणावरच्या जोड-दांडीपाशी घोडी पुन्हा अडली.

आता एकदा अडली की संपलं.

प्राजक्तानं तिला मोठं वळण दिलं. मैदानाभोवती कुणी ब्र काढत नव्हतं. अशी शांतता गोजाबाईंना सवयीची नव्हती. घाटावर शांतता म्हणजे कुणीतरी गाड्याखाली गेलं. वळणावरून येताना वावटळीचा एक कान दोरीकडं फिरला. नेमका त्यांच्याकडं. घोडी आवाजाची वाट बघत होती.

'भिर्र' गळ्याशी आलं. जिभेवर आलं. गोजाबाईंनी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. तरी घोडीचा कान हलेना. तेव्हा त्यांनी मैदानाकडं पाठ केली. तोंडच दिसलं नाही, तर घोडी वाट कशाची बघेल? समोर कंपनीची भिंत होती, भिंतीवरून शिफ्टच्या बसचे टप सरकत होते. त्या तिकडं डोळे रोवून उभ्या राहिल्या.

मागं टापा. जवळ येणाऱ्या. मग प्राजक्ताचा हलका आवाज, "हं, चल." मग काहीच नाही. दांडीवर खूर वाजला, टक्. कुणीतरी श्वास आत ओढला. आणि पलीकडं टापा पडल्या, एकामागून एक, सरळ, लयीत. पुढची दांडी. त्याच्या पुढची.

टाळ्या वाजल्या तरी त्या लगेच वळल्या नाहीत.

"शेवटचा नंबर," अर्जुनराव शेजारी येऊन म्हणाला.

गोजाबाईंनी तोंडातला पदर काढला. "पुरी केली का न्हाई?"

"केली."

"मंग गोडाऊनला दुसरी जागा बघ."

तो काही वेळ पायानं माती उकरत राहिला. मग फाटकाकडं गेला, सयाजीला सांगायला.

भीमराज दफेदार हसतच आले, पण जवळ आल्यावर अडखळले. "मावशी, शेवटी घोडीनं पोरीचं ऐकलं बघा. हिला पुढं न्यायचंय. थंडीत बंगळूरला कोवळ्या घोड्यांची स्पर्धा आहे. तोवर रोज क्लबातच ठेवावी म्हणतो, प्राजक्ताच्या हाताखाली. आणि तुमी..."

"मी आवाज द्यायचा न्हाई. कळतंय मला, दफेदार. आडून काय बोलता?"

वावटळ प्राजक्ताच्या खांद्यावर तोंड घासत उभी होती. गोजाबाई तिच्याजवळ गेल्या. घोडीनं त्यांच्याकडं पाहिलं, कान हलवला आणि पुन्हा प्राजक्ताच्या खांद्यावर तोंड ठेवलं. गोजाबाईंनी उजवा तळवा तिच्या घामानं फेसाळलेल्या मानेवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

अर्जुनराव परत आला तेव्हा त्या दगडावर बसल्या होत्या. त्यानं कागदी कपातला चहा पुढं केला. त्यांनी डावा हात काढला.

"आये, डाव्या हातानं घेतीस?"

"व्हय. डाव्याच हातानं घेनार."

त्या सावकाश चहा प्यायल्या. उजवा हात मांडीवर उताणा होता, आणि त्याच्यावरचा फेस अजून वाळला नव्हता.