साडेचारची भरती

आसावरीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि त्याला कारण होता तिच्या नवऱ्याच्या गळ्यात लटकणारा निळा पास. त्या एका पासावर मॉडेल व्हिलेज, मत्स्यालय, छोटी आगगाडी आणि शेवटी टीरूममध्ये क्रीम टी, म्हणजे चहा आणि जॅम-क्रीम लावलेले स्कोन. सतीशने लंडनमधल्या एजवेअरहून निघण्याआधीच सगळ्यांच्या वेळा बुक केल्या होत्या. समुद्र तेवढा यादीत नव्हता. तो फुकट होता ना!

आणि तिची आई आली होती ती फक्त समुद्रासाठी. सहा महिने वैजयंतीबाईंनी लेकीच्या फ्लॅटमध्ये छोट्या अन्वीचं सगळं केलं, एकदाही कुठे न्या म्हणाल्या नाहीत. परवा त्यांचं विमान होतं. जाताना मागणं एकच. "गुहागर सुटल्यापासून खाऱ्या पाण्यात पाय बुडवला नाही गं. तेवढं कर."

साडेदहाला पोचले तेव्हा लाटा धक्क्याच्या पायऱ्यांवर आपटत होत्या.

"आई, आत्ताच चल," आसावरी म्हणाली.

"अगं, मॉडेल व्हिलेजचा स्लॉट पावणेअकराचा आहे," सतीश म्हणाला. "लेट झालं तर एन्ट्री नाही देत. समुद्र कुठे पळून जातोय?"

"तुला त्या बाहुल्यांच्या घरांचं पडलंय!"

आवाज चढले तशी आई मध्ये पडली. "भांडू नका रे. आज षष्ठी. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे साडेचारला भरती. तेव्हा जाऊ." कोकणात भरतीचा हिशेब असाच करतात.

"बघ, आईंना कळतं," सतीश म्हणाला.

मग अन्वीच्या बाबागाडीसकट दिवसभर वरात निघाली. गुडघ्याएवढी घरं झाली, काचेमागचे मासे झाले. आईचे पाय भरून आले होते, तरी प्रत्येक ठिकाणी "छान आहे हो, सतीशराव" चालूच. आसावरीला त्याच पासाच्या दोरीने नवऱ्याचा गळा आवळावासा वाटत होता.

चारला टीरूममध्ये टेकले. स्कोन संपवून साडेचारला आसावरीने खिडकीचा पडदा सारला, तर समुद्र जागेवर नव्हता. ओली करडी वाळू नुसती पसरलेली, आणि पाण्याची रेघ पार तिकडे लांब. भरती सकाळी दहालाच होऊन गेली, असं वेट्रेसने हसून सांगितलं.

"आईंचं कॅल्क्युलेशन इंडियाचं ना," सतीश म्हणाला. "बॅड लक. सव्वापाचची ट्रेन आहे, निघू या."

"बॅड लक?" आसावरीच्या हातातला चमचा बशीवर आदळला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. "एक दिवस मागितला तिने! एक!"

"त्यांना नको बोलूस," आई हळूच म्हणाली. "मला ठाऊक होतं. सकाळी पायऱ्या वरपर्यंत ओल्या होत्या, म्हणजे पाणी उतरतीला लागलेलं. तुमचं जुंपू नये म्हणून म्हटलं साडेचार."

सतीशने मान खाली घातली. आसावरीचा राग मात्र आता आईवर उलटला, आणि तिथून स्वतःवर. मला भूक नाही, मला थंडी वाजत नाही, मला इथे करमतं. सहा महिने ऐकलेल्या त्या सगळ्या साडेचारच्याच भरत्या होत्या, आणि तिला त्या सोयीच्या वाटल्या होत्या.

"मोजे काढ, आई."

"अगं, केवढं लांब आहे पाणी! गाडी चुकेल."

"चुकू दे! काढ म्हणते ना!" भर टीरूममध्ये ती खाली बसली आणि आईच्या बुटाची नाडी ओढू लागली.

"मी येऊ?" सतीशने विचारलं.

"तू अन्वीला सांभाळ," ती म्हणाली आणि आईचे बूट त्याच्या मांडीवर ठेवले. "आणि हे."