ऐरणीमागची जागा

"भैय्याजी, फोन सरळ धरा ना! इकडे सगळ्यांले नुसतं छप्पर दिसून राहिलं!" फोनमधून केतन ओरडला.

भैय्याजी आमचं जुनं गिऱ्हाईक. वखराच्या दोन पासा, म्हणजे लोखंडी पाती, धार लावायला घेऊन आले आणि फोन धरायला अडकले. मी पदर खोचून, हातात घण घेऊन उभी. बी.ए. झालेल्या सुनेला घण उचलावा लागेल, हे लग्नाच्या बैठकीत कोणी बोललं नव्हतं. भट्टी पेटली होती. ऐरणीमागची जागा मात्र रिकामी होती आणि सासूबाई तिथे बसायला तयार नव्हत्या.

भानगड केतनने केली होती. तो माझा नवरा, सर्बियात वेल्डर आहे, हंगेरीच्या सीमेजवळ. त्याच्या फोरमनचं आडनाव कोवाच. टोळीतल्या दोन सर्बांचंही तेच आणि सीमेपलीकडून येणाऱ्या तीन हंगेरियन माणसांचंही तेच. भाषा एकमेकांना कळत नाहीत, पण आडनाव एकच, आणि त्याचा अर्थ लोहार. हंगेरीवाल्यांनी म्हणे हा शब्द शेकडो वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडून उचलला. केतन छाती फुगवून म्हणाला, मीही लोहारच, मोहगावचा, आणि हे काम मला आईने शिकवलं. बाई आणि लोहारकाम! सगळे खो खो हसले. सहा कोवाच, पण हातोडा एकानेही धरलेला नाही, आणि हसायला सर्वांत पुढे! मग केतनने पैज लावली की जेवणाच्या सुट्टीत आईचं काम फोनवर दाखवतोच.

"मी घण मारतो म्हणून सांग त्याईले," सासूबाई म्हणाल्या. "तिथं मी नाई बसत."

तीस वर्षं त्यांनी घण मारला, पण उभ्याने. ऐरणीमागे बसून जो सांडशी धरतो, लोखंड फिरवतो, घाव कुठे पडायचा ते ठरवतो, तो लोहार. ती जागा सासऱ्यांची. दिवाळीत ते गेले आणि भट्टी थंडावली. कोणी काम घेऊन आलं की सासूबाई सांगत, "घरी माणूस नाई."

"मग सांडशी कोण धरन?" केतनने विचारलं. "भैय्याजी?"

"मी फोन धरून राहिलो ना बाप्पा!" भैय्याजी घाबरून म्हणाले.

केतन हळू आवाजात म्हणाला, "आई, बाबाले शेवटची दोन वर्षं नीट दिसत नव्हतं. लोखंड भट्टीतून केव्हा काढायचं, घाव कुठं घालायचा, थे कोण सांगे?"

मी चमकले. एवढी वर्षं या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्याची अब्रू सासूबाईंनी गावापासून झाकली होती, सुनेपासूनही.

त्यांनी ऐरणीला हात लावून कपाळाला लावला आणि मागे जाऊन बसल्या.

तापलेली पास ऐरणीवर आली. छोट्या हातोडीने त्यांनी जागा दाखवली, "इथं." माझा पहिला घाव चुकून नुसत्या ऐरणीवर पडला. फोनमध्ये हशा उठला.

"हसू दे त्याईले. तू माह्या हातोडीकडे पाह्य," सासूबाई म्हणाल्या. "इथं. आता इथं."

मी पाहत गेले, मारत गेले. दहाव्या घावापर्यंत फोन गप्प झाला होता. धार निघाली. सासूबाईंनी पास पाण्यात बुडवली, चर्रर आवाज झाला. नखाने धार पाहून त्यांनी ती फोनसमोर धरली. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

पलीकडून जाड आवाजात कोणी काही विचारलं.

"फोरमन विचारून राहिला," केतन म्हणाला, "तुमच्या दोघींत लोहार कोण?"

सासूबाईंनी कपाळावरची काजळी आणि घाम एकदमच पुसला.

"मी," त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला. मी घण खाली ठेवला आणि त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

"भैय्याजी," बसल्या जागेवरून त्या म्हणाल्या, "दुसरी पास आणा इकडे."